नोटरीची तडजोड झाली, तरी ४९८-अ चा खटला बंद का होत नाही?

विचारणा थोडक्यात अशी आहे. बहिणीने २०२२ मध्ये सासरच्या छळाबद्दल नवरा, सासू-सासरे, दीर आणि लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहणारी नणंद अशा पाच जणांविरुद्ध भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ (नवरा किंवा सासरच्यांनी केलेला विवाहितेचा छळ), ४०६ (विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार), ३२३ (मारहाण), ५०४ (अपमान), ५०६ (धमकी) आणि ३४ (समान हेतू) या कलमांखाली फिर्याद दिली. दोषारोपपत्र दाखल झाले आणि तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खटला सुरू आहे. आता दोन्ही घरच्यांनी बसून संमतीचा घटस्फोट आणि एकरकमी पोटगी ठरवली, स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली आणि तो कागद कोर्टात दिला. कोर्टाने कागद रेकॉर्डला ठेवला, पण पुढची तारीख साक्षीपुराव्यासाठी लावली. फिर्यादीलाच खटला नको असेल, तर तो चालतो कसा?

तो चालतो, कारण खटल्याच्या मथळ्यावर बहिणीचे नाव नाही, ‘महाराष्ट्र शासन’ आहे. फिर्याद नोंदली गेली की फौजदारी प्रकरण सरकारचे होते आणि फिर्यादी त्यातली पहिली साक्षीदार उरते. साक्षीदाराला खटला मागे घेता येत नाही. कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात, याची यादी कायद्यातच दिली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ३२० मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५९ मध्ये आहे. तुमच्या कलमांपैकी ३२३, ५०४ आणि ५०६ त्या यादीत आहेत. ४०६ सुद्धा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येते. अडते ते ४९८-अ. ते यादीत नाही आणि दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ अशा दोन कलमांत विभागले गेले, तरी त्याची स्थिती तीच राहिली. फिर्यादीत हुंडा प्रतिबंधक कायद्याची कलमे असतील तर तीही आपसात मिटत नाहीत, त्या कायद्याच्या कलम ८ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे.

म्हणून तालुक्याच्या कोर्टाने केले ते बरोबर केले. त्यांना ४९८-अ तडजोडीवरून मिटवण्याचा अधिकारच नाही. लोकअदालतीचेही तसेच: आपसात न मिटणारा गुन्हा तिच्यापुढे ठेवता येत नाही, कितीही सह्या झाल्या तरी. ४९८-अ आपसात मिटवता येईल असा बदल आंध्र प्रदेशने आपल्यापुरता केला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही २०२२ मध्ये केंद्र सरकारने याचा विचार करावा असे सुचवले, कारण रोज अशी प्रकरणे समोर येतात आणि केवळ संमती सांगण्यासाठी लोकांना खेड्यापाड्यांतून उच्च न्यायालय गाठावे लागते. बदल झालेला नाही, त्यामुळे आजही वाट उच्च न्यायालयातूनच जाते.

त्या वाटेआधी एका सल्ल्याबद्दल बोलायला हवे, कारण तो तुम्हाला मिळाला असेल किंवा लवकरच मिळेल: ‘हायकोर्टाचा खर्च कशाला? तारखेला उभी राहा आणि सांग, मला काही आठवत नाही.’ म्हणजे फितूर व्हा. हा मार्ग कोर्टाच्या आवारात सर्रास सुचवला जातो आणि तो बाईवर अन्याय करणारा आहे. शपथेवर खोटे बोलण्याची जबाबदारी तिच्यावर येते. सरकारी वकील तिला फितूर जाहीर करून तिचीच उलटतपासणी घेतात, पोलीस जबाब ओळीओळीने वाचून दाखवतात आणि ‘हे मी सांगितले नाही’ असे तिच्याकडून वदवले जाते. जे तिने सोसले ते घडलेच नाही, असे तिने भर कोर्टात म्हणायचे. उच्च न्यायालयाच्या मार्गात यातले काहीही करावे लागत नाही. तिथे ‘वाद मिटला आहे, मला पुढे चालवायचे नाही’ एवढे खरे सांगणे पुरते.

खटला रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. सोबत राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ चा आधार घेतात. वैवाहिक वादात तडजोड झाली असेल, तर आपसात न मिटणारा गुन्हाही उच्च न्यायालय रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बी. एस. जोशी निकालात सांगितले. २०१२ च्या ग्यान सिंग निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते पक्के केले आणि सीमारेषाही आखली: वैवाहिक, कौटुंबिक, व्यापारी किंवा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा वाद असेल तर हो, पण खून, बलात्कार, दरोडा अशा समाजाविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यांत घरच्यांची तडजोड चालणार नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे २०१४ चा नरिंदर सिंग निकाल, कारण त्यात वेळेचा हिशेब आहे. तपास चालू असताना आलात तर न्यायालय सहज मान्यता देते. दोषारोप निश्चित झाले पण साक्षी सुरू झाल्या नाहीत, किंवा नुकत्याच सुरू झाल्या, तरीही हात सैल असतो. पुरावा जवळपास संपून युक्तिवाद लागले असतील, तर न्यायालय सहसा हात आखडता घेते. आणि शिक्षा झाल्यावर? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये सांगितले की त्या टप्प्यावर निव्वळ तडजोडीवरून शिक्षा पुसून टाकणे हा अगदी विरळा अपवाद असावा. तुमची तारीख साक्षीला लागली आहे, म्हणजे घाई करायला हवी. याचिका दाखल करून क्रमांक मिळाला की तो नमूद करून खालच्या कोर्टात पुरशीस (पक्षकाराचे लेखी निवेदन) द्या आणि साक्ष पुढे ढकलण्याची विनंती करा. अशी विनंती बहुधा मान्य होते, मात्र नुसते ‘आम्ही हायकोर्टात जाणार आहोत’ म्हणून ती होत नाही.

कोणत्या पीठाकडे जायचे हे गुन्हा कोणत्या जिल्ह्यात नोंदला त्यावर ठरते, तुम्ही कुठे राहता त्यावर नाही. विदर्भातला गुन्हा नागपूरला. मराठवाड्यातला छत्रपती संभाजीनगरच्या पीठाकडे, आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबारही तिकडेच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेले आहेत. पुणे, नाशिक, ठाणे मुंबईला.

याचिका करतात आरोपी. प्रतिवादी दोन: महाराष्ट्र शासन, संबंधित पोलीस ठाण्यामार्फत, आणि मूळ फिर्यादी. इथे पहिली चूक होते ती आरोपींच्या नावांत. पाच आरोपींपैकी चार जण वकीलपत्रावर सह्या करतात आणि ‘नणंद लांब असते, तिचे नंतर बघू’ असे होते. मग आदेश चौघांपुरता येतो आणि नणंदेवर खटला तसाच उरतो. पाचही जणांना याचिकाकर्ते करा. दुसरी चूक क्रमांकांत. दोषारोपपत्र दाखल झाले आहे, म्हणून केवळ गुन्हा रजिस्टर नंबर रद्द करा अशी मागणी अपुरी पडते. गु. र. नं., पोलीस ठाणे, दोषारोपपत्र आणि खालच्या कोर्टातला नियमित फौजदारी खटला क्रमांक हे सगळे मागणीच्या कलमात हवे. फिर्यादीच्या वेळी लावलेली कलमे आणि दोषारोपपत्रातली कलमे पुष्कळदा वेगळी असतात. दोषारोपपत्रातली घ्या. ते पूर्ण जोडा, वैद्यकीय दाखल्यांसकट.

आता फिर्यादीचे प्रतिज्ञापत्र. सगळे प्रकरण या तीन-चार पानांवर उभे असते, आणि नेमके तेच बऱ्याचदा आरोपीच्या वकिलाच्या ऑफिसात टाइप होऊन बाईपुढे फक्त सहीला येते. त्यात एक वाक्य हमखास असते: ‘सदर फिर्याद मी गैरसमजातून व रागाच्या भरात दिली होती.’ हे वाक्य काढायला लावा. तिने पोलिसांना जबाब दिलेला आहे, कदाचित न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम १६४ चा शपथेवरचा जबाबही झाला असेल. आता उलटे लिहून दिले तर खोटी फिर्याद दिल्याचा ठपका तिने स्वतःच्या सहीने ओढवून घेतला, आणि उद्या घटस्फोटाची गाडी अडली तर हेच वाक्य तिच्याविरुद्ध वापरले जाईल. गुन्हा रद्द होण्यासाठी या वाक्याची काहीही गरज नसते. लिहायचे ते असे: ‘आमच्यातील वैवाहिक वाद दिनांक अमुकच्या अटींनुसार मिटला आहे. त्या अटी मी वाचल्या आहेत व मला त्या मराठीतून समजल्या आहेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मला हा खटला पुढे चालवायचा नाही आणि पाचही आरोपींविरुद्धची कारवाई रद्द करण्यास माझी हरकत नाही.’ त्याखाली मिळालेली रक्कम, मिळायची रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत केले असेल तर ते तिला मराठीत समजावून सांगितल्याची नोंद असावी.

तिचा वकील वेगळा हवा. दोन्ही बाजूंचे कागद एकाच ऑफिसातून आले की न्यायमूर्तींना शंका येते, आणि ती रास्तच असते. वकिलाची फी परवडत नसेल तर उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पैशांचा क्रम हा या व्यवहाराचा कणा. दोन्ही बाजूंना एकच भीती असते. नवऱ्याकडच्यांना वाटते, सगळे पैसे दिले आणि ती हायकोर्टात आलीच नाही तर? तिच्या माहेरच्यांना वाटते, गुन्हा रद्द झाला आणि तो घटस्फोटाच्या शेवटच्या तारखेला आलाच नाही तर? दोन्ही भीती खऱ्या आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीचा अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी दुसरी पायरी येते आणि हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते. म्हणून रक्कम टप्प्यांत बांधतात: एक भाग संमतीचा अर्ज दाखल होताना, दुसरा गुन्हा रद्द होण्याच्या दिवशी, उरलेला हुकूमनाम्याच्या दिवशी. शेवटचा भाग नुसत्या वचनावर ठेवू नका.

इथे डिमांड ड्राफ्टचा घोळ होतो. पहिल्या तारखेला ड्राफ्ट काढून मध्यस्थाकडे किंवा वकिलाकडे ठेवला जातो आणि सगळे निश्चिंत होतात. पण ड्राफ्टची मुदत तीन महिन्यांची असते, घटस्फोटाची प्रतीक्षा सहा महिन्यांची. हुकूमनाम्याच्या दिवशी पाकिटातून निघतो तो मुदत संपलेला कागद. ड्राफ्ट पुन्हा वैध करून घ्यायचा तर ज्याने काढला त्यालाच बँकेत जावे लागते, म्हणजे दोरी पुन्हा नवऱ्याच्या हातात. त्यापेक्षा शेवटची रक्कम कोर्टात जमा करा आणि हुकूमनामा होताच ती पत्नीला द्यावी असे अटींतच लिहून घ्या. सहा महिन्यांची मुदतही माफ होऊ शकते. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार दोघे दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा हे प्रश्न खरोखर मिटले असतील, तर तसा अर्ज करता येतो. तुमच्या बहिणीची फिर्याद २०२२ ची आहे. ती तेव्हापासून माहेरी असेल तर हा अर्ज जरूर करा. मुदत माफ झाली तर दोन्ही आदेशांमधले अंतर घटते आणि भीतीही घटते.

अटींचे पालन करू अशी हमी दोघांनीही उच्च न्यायालयाला द्यावी आणि ती आदेशात नोंदली जावी. नोटरीच्या कागदावरचा शब्द मोडला तर नवा दावा लावावा लागतो, न्यायालयाला दिलेली हमी मोडली तर अवमानाची कारवाई होऊ शकते. पैसे आणि घटस्फोट घेऊन नंतर फिर्यादीने खटला चालूच ठेवला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो खटला रद्द केला होता. तडजोडीचे फायदे घ्यायचे आणि जबाबदारी टाळायची, हे कोणत्याच बाजूला पचत नाही.

मूल असेल तर त्याच्या वाट्याची रक्कम वेगळी लिहा. ‘पत्नी स्वतःसाठी व मुलासाठी भविष्यात काहीही मागणार नाही’ हे वाक्य अशा कागदांत छापील असल्यासारखे येते. पत्नी स्वतःपुरते बोलू शकते, मुलाचा पालनपोषणाचा हक्क मात्र आई सोडून देऊ शकत नाही. न्यायमूर्तींनी ते वाक्य पाहिले तर याचिका तिथेच अडते. ताबा, भेटीचे दिवस, शाळेचा खर्च, पासपोर्टसाठी लागणारी सही हे नीट लिहून काढा. पुढची भांडणे बहुतेक यावरूनच होतात.

स्त्रीधनाची यादी वस्तूगणिक करा: काय परत मिळाले, वजन किती, कोणत्या तारखेला. एक गोष्ट सुटून जाते. तपासात पोलिसांनी दागिने जप्त केले असतील तर ते नवऱ्याकडे नसतात, मुद्देमाल म्हणजे जप्त वस्तू म्हणून ताब्यात असतात. नवऱ्याने ‘सर्व दागिने परत केले’ असे लिहून दिले आणि बहिणीने सही केली, तर मुद्देमालाच्या अर्जावेळी तिचीच सही आड येते. ‘जप्त मुद्देमाल फिर्यादीस परत देण्यास आरोपींची हरकत नाही’ हे वाक्य अटींत हवेच.

चालू असलेल्या सगळ्या प्रकरणांची यादीही अटींत द्या: पोटगीचा अर्ज, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, नवऱ्याचा नांदायला येण्याचा दावा, एकमेकांविरुद्धचे तक्रार अर्ज. प्रत्येकापुढे ते कोण, कधी, कोणत्या पुरशिशीने काढून घेणार ते लिहा. एखादे विसरले तर वर्षभराने त्यातूनच वसुली वॉरंट निघते.

सुनावणीच्या दिवशी फिर्यादीने मूळ आधार कार्ड घेऊन स्वतः हजर राहायचे. याचिकेची प्रत सरकारी वकिलांकडे आधीच गेलेली असते आणि तपास अधिकारी तिची ओळख पटवतात. न्यायमूर्ती तिला थेट विचारतात, बहुतेकदा मराठीतच: कागद वाचला का, सही तुमचीच का, पैसे मिळाले का, कोणी जबरदस्ती केली का. पाठ केलेली उत्तरे नकोत. रक्कम आणि तारखा तिला स्वतःला माहीत असाव्यात, एवढे पुरे. सांगताना ती अडखळली, वडिलांकडे बघू लागली, तर न्यायालय तिला बाजूला बसवून पुन्हा विचारते किंवा तारीख देते. हा अडथळा नाही. तिला खरेच नको असेल तर थांबण्याची ही शेवटची जागा आहे, आणि घरच्यांनी ती जागा तिला मोकळी ठेवावी. ती परदेशी असेल तर भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र आणि व्हिडिओद्वारे हजेरी यासाठी आधी परवानगी मागा. आदेश देताना न्यायालय काही वेळा आरोपींना ठरावीक रक्कम एखाद्या कल्याण निधीत भरायला सांगते. ती मुदतीत भरून पावती दाखल केली नाही तर आदेश निष्फळ ठरू शकतो.

भावाभावांच्या जमिनीच्या भांडणातही हाच अधिकार वापरला जातो, पण तिथे जखम बघितली जाते. कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) नुसते कागदावर लावले आहे की खरोखर डोक्यावर कोयत्याचा वार आहे, हे न्यायालय वैद्यकीय दाखल्यावरून तपासते. लक्ष्मी नारायण निकालाने २०१९ मध्ये हे पुन्हा सांगितले. खोटे हक्कसोडपत्र केल्याचा गुन्हा असेल, तर आधी वाटणी, फेरफार किंवा दिवाणी दाव्यातला तडजोड हुकूमनामा पूर्ण करा. सातबारावर जुनीच नावे असताना ‘वाद मिटला’ हे पटत नाही.

काही प्रकरणांत मात्र कोणीही आशा लावली तरी ऐकू नका. विवाहितेचा मृत्यू झाला असेल, तर तिच्या आईवडिलांनी सासरशी केलेली तडजोड म्हणजे तिची संमती नव्हे. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा फिर्यादीशी झालेल्या समेटावरून रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणात वडील आणि आरोपी यांच्या समेटावरून रद्द केलेला गुन्हा त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा जिवंत केला.

आदेश मिळाला की काम संपले असे समजू नका. संकेतस्थळावरची प्रत छापून घरी ठेवून खालच्या कोर्टाला काही कळत नाही. प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. एक प्रत पुरशिशीसोबत खालच्या कोर्टात देऊन खटला निकाली निघाल्याची नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या दैनंदिन नोंदीत) बघा. त्याच दिवशी जामिनदाराला मोकळे करण्याचा आणि बहिणीच्या बाजूने मुद्देमाल परतीचा अर्ज द्या. दुसरी प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोहोच घ्या, नाहीतर पासपोर्ट किंवा चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा ‘प्रलंबित’ म्हणून पुन्हा दिसतो. नवरा परदेशात नोकरीला असेल आणि त्याच्याविरुद्ध लुकआउट सर्क्युलर (विमानतळावर अडवण्याची सूचना) निघाले असेल, तर ते आदेशाने आपोआप उठत नाही. ज्या पोलीस कार्यालयाने ते काढले, त्यांनीच मागे घेण्याचे पत्र पाठवावे लागते. ते पत्र गेल्याची खात्री झाल्यावरच तिकीट काढावे.